पहिले बाळंतपण घरी करावे का?

प्रश्न : माझे वय 26 वर्षे असून सातवा महिना चालू आहे. हे माझे पहिलेच बाळंतपण. सासूबाईंची तिन्ही बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून सुखरूप झाली. माझ्या बहिणीचे मात्र एका खासगी रुग्णालयात सिझेरियन झाले आणि ते का करावे लागले, हे तिला कोणी नीट सांगितले नाही. त्यामुळे सलाईन, टाके यांवाचून घरीच नैसर्गिक प्रसूती व्हावी असे मला वाटते. सर्व तपासण्या ठीक आहेत. मोठे रुग्णालय गावापासून पाऊण तासावर आहे. मी काय करावे?
– एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : तुमची धास्ती निराधार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सरकारी रुग्णालयांत सुमारे 14 टक्के, तर खासगी रुग्णालयांत 47 टक्क्यांहून अधिक बाळंतपणे सिझेरियनने झाली. खासगीतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे यावरून म्हणता येत नाही. पण एवढी मोठी तफावत केवळ अवघडलेल्या बाळंतपणांमुळे पडते, हे मला पटत नाही.

तरीही पहिले बाळंतपण घरी करू नका, असेच मी आग्रहाने सांगेन. तपासण्या ठीक असल्या म्हणजे बाळंतपणात काही बिघडणारच नाही, असे होत नाही. वार पडल्यावर गर्भाशय आकसून घट्ट झाले नाही, तर अगदी निरोगी बाईलाही रक्तस्राव सुरू होतो, आणि दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटर वा त्याहून अधिक रक्त वाहत असते. अशा वेळी पाऊण तासाचा रस्ता फार लांबचा ठरतो. इंग्लंडमध्ये धोका कमी असलेल्या स्त्रियांच्या बाळंतपणांचा जो मोठा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला, त्यात पहिलटकरणींच्या बाळांबाबत (मृत्यू, मेंदूला इजा अशा) गंभीर घटनांचे प्रमाण रुग्णालयात हजारी 5.3, तर घरी हजारी 9.3 आढळले, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या स्त्रियांत मात्र असा फरक दिसला नाही. तेथे घरीही प्रशिक्षित सुईणी हजर होत्या, हे लक्षात घ्यावे. सासूबाईंचा अनुभव खरा आहे, परंतु त्याच काळात घरी दगावलेल्या बायकांचा अनुभव सांगायला त्या बायका उरल्या नाहीत.

मात्र रुग्णालयात जाणे म्हणजे नैसर्गिक प्रसूतीवर पाणी सोडणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार गर्भाशयाचे तोंड 5 सेंटीमीटर उघडेपर्यंत बाळंतपणाचा खरा वेग सुरू झाला असे मानू नये, आणि पुढे तासाला 1 सेंटीमीटर उघडले नाही एवढ्याच कारणाने कळा वाढवण्याची घाई करू नये. माय-लेकरू ठीक असतील तर थांबावे. बाळाला वाट मोठी करण्यासाठी योनिमुखाशी सरसकट छेद देऊन टाके घालणे, केस काढणे, एनिमा देणे यांची शिफारस नाही. कळा सुरू असताना चालणे, हवे तसे बसणे, पाणी पिणे आणि आपल्या पसंतीचे माणूस जवळ असणे हा तुमचा अधिकार आहे. बाळ जन्मताच आईला दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन तेवढे नाकारू नका, कारण वर सांगितलेला रक्तस्राव टाळण्यासाठीच ते असते.

म्हणून आठव्या महिन्यातच जवळचे उपजिल्हा रुग्णालय आणि एखादे खासगी रुग्णालय, दोन्ही पाहून या. प्रसूतिकक्षात सासूबाईंना किंवा आईला थांबू देतात का, कळा वाढवण्याचे सलाईन कोणत्या कारणाने लावतात, छेद सर्वांनाच देतात का, रात्री शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असते का, हे थेट विचारा. उत्तर देताना जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडे ऐन कळांत विचारायची हिंमत तुम्हाला होणार नाही. दिवस भरत आल्यावर रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे राहायला जाता आले तर फारच उत्तम. बाळ पायाळू असल्याचे आढळले, रक्तदाब वाढला किंवा बाळाचे ठोके मंदावले, तर मात्र शस्त्रक्रियेला विरोध करू नये.

बहिणीलाही एक सांगा. रुग्णालयाकडे लेखी मागणी केल्यास 72 तासांत उपचारांची कागदपत्रे मिळायला हवीत. तिचे सिझेरियन का झाले आणि गर्भाशयावर छेद कसा घेतला, याची नोंद त्यांत असायला हवी. पुढच्या खेपेला तिला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरेल.