गिटार ॲम्पच्या कॅबिनेटसमोर कुठला माइक लावावा?

प्रश्न: माझ्याकडे १२ इंची एका स्पीकरचा छोटा ट्यूब ॲम्प आहे. घरातल्याच एका खोलीत रेकॉर्ड करतो. खोलीत उभं राहून ऐकताना आवाज भरीव वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये मात्र पातळ आणि चरचरीत येतो. सध्या गाण्यासाठी घेतलेला कंडेन्सर माइक वापरतोय. एसएम५७ घ्यावा, रिबन घ्यावा की आणखी भारी कंडेन्सर?

उत्तर:

आधी निर्णय सांगतो, मग कारणं. शुअर एसएम५७ घ्या, हा डायनॅमिक माइक आहे, म्हणजे आत तारेची गुंडाळी हलून आवाज पकडणारा. कुणाकडे एसएम५८ पडून असेल तर सुरुवातीला तोही चालेल. रिबन माइक, म्हणजे धातूच्या पातळ पट्टीने आवाज पकडणारा, मला अतिशय आवडतो, पण तो दुसरा माइक म्हणून घ्या. भारी कंडेन्सर आत्ता घेऊच नका, तुमच्या तक्रारीवर तो इलाज नाही.

खोलीत भरीव आणि रेकॉर्डिंगमध्ये पातळ, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक गिटारवाल्याला येतो. त्यात माइकपेक्षा तुमचे कान कुठे असतात याचा भाग मोठा आहे. १२ इंची स्पीकर खालचे सूर चहूकडे पसरवतो. पण हजार-दीड हजार हर्ट्झच्या वर गेलं की आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जायला लागतो, आणि सूर जितका वरचा तितका झोत अरुंद. ॲम्प जमिनीवर, तुम्ही उभे, म्हणजे झोत पडतो तुमच्या गुडघ्यांवर. कानापर्यंत पोचतो तो मधला आणि खालचा भाग, शिवाय भिंतींवरून परतलेला आवाज. मग चमक कमी वाटते म्हणून आपण ट्रेबल वाढवतो आणि तो सगळा ट्रेबल माइकच्या तोंडावर जातो.

खात्री करून घ्यायची असेल तर ॲम्पचा आवाज बोलण्याच्या पातळीइतका खाली आणा, जमिनीवर बसा, कान स्पीकरच्या मध्याच्या रेषेत आणा आणि एक कॉर्ड वाजवा. मोठ्या आवाजात हे अजिबात करू नका. जे ऐकू येईल तेच माइक ऐकतोय. बहुतेक वेळा तिथल्या तिथे ट्रेबल आणि गेन (ॲम्पचा आवाज किती फाटतो ते ठरवणारं बटण) कमी करावासा वाटतो. बिनधास्त करा. जवळ लावलेल्या माइकला डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा फाटलेपणा, आहे त्याहून जास्त जाणवतं, आणि थोड्या कमी गेनवर वाजवलेला रिफ (गिटारची छोटी ओळ) मिक्समध्ये जास्त ठोस ऐकू येतो.

आता माइककडे येऊ. गिटारच्या स्पीकरला वरचे सूर फारसे येतच नाहीत. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा स्पीकर घ्या. कंपनी त्याची मर्यादा ७० ते ५,००० हर्ट्झ अशी देते. त्याच्या वर आवाज झपाट्याने गळत जातो, आणि ही गळतीच डिस्टॉर्शनला कानाला सुसह्य करते. कंडेन्सर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. गाण्यासाठी बनवलेल्या बऱ्याच कंडेन्सरमध्ये तर आवाजाला हवेशीरपणा यावा म्हणून वरचा भाग मुद्दाम उचललेला असतो. गळ्याला तो शोभतो. डिस्टॉर्शनच्या गिटारमध्ये मात्र तिथे उरलेली चरचरच असते, आणि तुमचा माइक नेमकी तीच उचलून दाखवतोय. त्यात आवाजाच्या दाबाचाही प्रश्न आहे. न्यूमनचा यू८७ हा कंडेन्सर घेतलात तरी पॅडशिवाय (पॅड म्हणजे माइकची संवेदनशीलता कमी करणारी कळ) त्याची मर्यादा ११७ डेसिबल आहे, १० डेसिबलचा पॅड लावून १२७. जोरात चाललेल्या कॅबिनेटपासून, म्हणजे स्पीकरच्या पेटीपासून, चार बोटांवर हा आकडा सहज गाठला जातो. कंडेन्सर मीटरभर मागे ठेवला तर छान काम करतो, फक्त खोली चांगली हवी. छोट्या खोलीत तो गिटारइतकीच खोलीही रेकॉर्ड करतो.

एसएम५७ बाजारात आला १९६५ साली. कागदावर पाहिलं तर तो तसा अपुराच वाटतो. ४० ते १५,००० हर्ट्झ, त्यातही खालचा भाग उतरता, आणि ५-६ हजारांच्या आसपास एक उंचवटा. पण कॅबिनेटच्या अगदी जवळ लावला की हेच सगळं जुळून येतं. माइक आवाजाच्या जवळ गेला की त्याचा बास वाढतो, त्यामुळे खालची उणीव भरून निघते. स्पीकर जिथे मावळायला लागतो तिथेच माइकचा उंचवटा येतो, म्हणून पिकचा ठोका स्पष्ट राहतो. आणि त्याच्याही वर माइक स्वतःच थंडावतो, त्यामुळे नको ते ट्रॅकवर येत नाही. कॅबिनेटसाठी माइक निवडताना मी नेहमी हेच बघतो, की हा माइक काय ऐकत नाही.

एसएम५७ ला गेन फार लागतो, म्हणजे त्याचा सिग्नल खूप वाढवावा लागतो, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. हळू आवाजातल्या गाण्यासाठी ती खरी आहे. त्याची संवेदनशीलता दर पास्कलला साधारण १.६ मिलिव्होल्ट. पण ११४ डेसिबल म्हणजे १० पास्कल, म्हणजे कॅबिनेटसमोर तो १६ मिलिव्होल्ट सहज देतो. माइक संगणकाला जोडणाऱ्या साध्या इंटरफेसलाही तेवढं पुरे. या माइकच्या नकला मात्र पुष्कळ फिरतात, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

बाकीच्या डायनॅमिकांबद्दल थोडक्यात. सेनहायझरचा एमडी ४२१ खाली जास्त भरीव आहे आणि त्याला बास कमी करायची पाच टप्प्यांची कळ आहे. मला तो क्लीन गिटारवर विशेष आवडतो. त्याच कंपनीचा ई९०६ चपटा आहे, बाजूने ऐकतो, आणि त्यावर उजळ, मध्यम, गडद अशी तीन ठिकाणांची कळ आहे. असे चपटे माइक लोक कॅबिनेटच्या हँडलवरून वायरीने लोंबकळत ठेवतात. ते करू नका, जरा हललं की आवाज बदलतो. स्टँड वापराच.

रिबन माइकची गोष्ट वेगळी. बेयरडायनॅमिकचा एम १६० असो किंवा रॉयरचा १९९८ मध्ये आलेला आर-१२१, वरचे सूर इतक्या मऊपणे उतरतात की चरचर जणू पुसली जाते. पण आर-१२१ सारखे बहुतेक रिबन पुढून ऐकतात तितकेच मागूनही ऐकतात, त्यामुळे मागे जवळ भिंत असेल तर तिच्यावरून परतलेला आवाज त्यात शिरतो. एम १६० याला अपवाद, तो हायपरकार्डिऑइड आहे, म्हणजे मुख्यतः पुढूनच ऐकतो. रिबनची पट्टी अतिशय पातळ असते. आर-१२१ मध्ये ती फक्त अडीच मायक्रॉनची. तिच्यावर फुंकर मारू नका, आणि पॅसिव्ह रिबन असेल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर (वायरीतून माइकला दिली जाणारी वीज) बंद ठेवून मगच जोडा, कारण वायर सदोष असेल तर पट्टी जाऊ शकते. एकटा रिबन ड्रम आणि बासच्या गर्दीत थोडा मागे राहतो. ५७ च्या जोडीला लावला की मात्र दोघांचं फार सुंदर जमतं.

आता जागा. यावर वेळ घालवा, यातच सगळं आहे. ग्रिलच्या कापडावर टॉर्च तिरका मारला की आतला कोन आणि मधली गोल टोपी, म्हणजे डस्ट कॅप, दिसते. टोपी जिथे कोनला मिळते तिथे कापडावर चिकटपट्टीचा तुकडा लावा. माइक त्या खुणेसमोर, कापडापासून ३-४ सेंटीमीटरवर, सरळ तोंड करून ठेवा. ही सुरुवात झाली. आता गिटार न वाजवता ॲम्पची नुसती हिस्स हेडफोनवर ऐकत माइक हळूहळू सरकवा. टोपीच्या मध्यावर हिस्स धारदार होते, कडेकडे जाताना ती मंदावते आणि जाडसर होते. एकेका सेंटीमीटरने टोन बदलतो, आणि हा बदल इक्यूने (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करण्याच्या सोयीने) आणता येत नाही. चरचर असेल तर कडेकडे सरका. तरी राहिली तर माइक साधारण ४५ अंशांत तिरका करा. आवाज घुमत असेल तर दोन-तीन सेंटीमीटर मागे या. गिटार वाजत असताना कुणी माइक हलवणार असेल तर त्याच्या कानांवर संरक्षण हवंच.

प्रत्येक जागेवर तोच रिफ रेकॉर्ड करा आणि ऐकताना सगळ्या टेकची पातळी सारखी करून घ्या, नाहीतर जो टेक मोठा तोच चांगला वाटतो. ऐकायचं तेही बास आणि ड्रम लावून. एकटी ऐकताना जी गिटार थोडी पातळ वाटते, ती मिक्समध्ये बरेचदा अगदी बरोबर बसते.

पुढे दोन माइक लावलेत तर दोघांची तोंडं स्पीकरपासून सारख्या अंतरावर हवीत. एक माइक १७ सेंटीमीटर मागे राहिला तर आवाज त्याच्यापर्यंत अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही ट्रॅक मिळवल्यावर १,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. नेमका गिटारच्या छातीवरच घाव. अंतर जुळवायला एका ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे आवाजाच्या लाटेची दिशा, उलटी करा, आवाज सर्वांत पोकळ होईल तोवर एक माइक सरकवा, आणि मग पोलॅरिटी पुन्हा सुलटी करा.

तुमचा ५७ येईपर्यंत आजच एक करून बघा. आहे तोच कंडेन्सर, पॅड असेल तर पॅड लावून, टोपीच्या मध्यावरून कोनच्या कडेकडे आणा आणि ॲम्पचा ट्रेबल उतरवा. तेवढ्यानेही फरक पडला नाही तर स्पीकरकडे संशयाने बघा, कारण स्पीकर बदलला तर आवाज माइक बदलण्यापेक्षा कितीतरी जास्त बदलतो.