स्वयंसेवक तोफखान्यात आपली माणसं होती का?

प्रश्न : पणजोबा गायकवाडी तोफखान्यात गोलंदाज होते, फोटो सोबत आहे. ते इंग्रजांच्या स्वयंसेवक तोफखान्यातही असतील का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : शक्यता फार कमी. १८५७ नंतर वाढलेली ती पथकं मुख्यतः गोऱ्यांची आणि अँग्लो-इंडियनांची. कचेरीतले, रेल्वेतले लोक काम उरकून कवायतीला येत. आपल्या माणसाला दार जवळपास बंदच! याचा मला आजही राग येतो. हिंदी लोकांनाही स्वयंसेवक होऊ द्या, असा ठराव १८८६ च्या कलकत्ता काँग्रेसनं केला. अध्यक्ष दादाभाई नौरोजी, म्हणजे १८७४ मधले आपल्याच बडोद्याचे दिवाण. तरी १९२० मध्येही ऑग्झिलरी फोर्स (साहाय्यक दल) गोऱ्यांची आणि अँग्लो-इंडियनांची, तर टेरिटोरियल फोर्स (प्रादेशिक दल) आपली, अशी वाटणी झालीच.

फोटोत पणजोबांच्या हातात आहे तो ठासणीचा दांडा. दारू-गोळा नळीत तोंडाकडून ठासायचा. फोटोमागे त्यांचं नाव पेन्सिलीनं लिहा, शाई झिरपते.