गाडीभाडं

प्रिय पोरी,
सप्रेम सलाम.

रविवारी उपासनेनंतर तलावपाळीवर तू तासभर बोललीस, पुढ्यातला चहा तसाच निवला. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, रात्री फोन आला की जायचं आणि सकाळी पुन्हा हजर, ओळखपत्रावर चॅप्लेन, म्हणजे रुग्णालयातली धर्मसेविका, याऐवजी ‘पेशंट रिलेशन्स’, आणि आता थकलेल्या बिलाबद्दल नातेवाइकांशी बोलायचं कामही तुझ्याच गळ्यात. समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू करू, चॅप्लेनच्या प्रशिक्षणाला वेल्लोरला जाऊ, की सोडूनच देऊ, असं विचारलंस.

मी गप्प राहिलो, कारण माझं मन दुसरीकडेच अडकलं होतं. तुझ्या वॉर्डातल्या त्या पेशंट आजींबद्दल सांगताना तू तीनदा म्हणालीस, ‘मी नेमकं काय बोलले ते आठवत नाही.’ कोर्सचं मागाहून बघू. आधी लिही. पेशंट काय म्हणाला, तू काय म्हणालीस, मध्ये कोण किती वेळ गप्प होतं, हे त्याच दिवशी शब्दाला शब्द लिहून काढ आणि कुणासमोर तरी मोठ्याने वाच.

मी पहिली आठ वर्षं एक ओळ लिहिली नाही. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात होतो. कोपरखैरण्याच्या एका माथाडी कामगाराची बायको पहाटे आयसीयूत वारली. मी त्याच्या शेजारी बसलो, तेविसावं स्तोत्र म्हटलं, खांद्यावर हात ठेवला. घरी आलो तो समाधानाने. पुढे वेल्लोरच्या सीएमसीत, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशनला, म्हणजे पेशंटसोबत राहून धर्मसेवा शिकण्याच्या प्रशिक्षणाला गेलो, तिथे जुना एखादा प्रसंग लिहून आणायला सांगितलं, म्हणून हा लिहिला. गटात वाचताना माझाच आवाज अडला. त्या माणसाने मला दोनदा विचारलं होतं, ‘फादर, साताऱ्याला न्यायला गाडी किती घेईल?’ दोन्ही वेळा मी स्तोत्र पुढे चालू ठेवलं होतं. ऐकणाऱ्यांतल्या एकाने एवढंच विचारलं, ‘मग गाडीचं काय झालं?’ मला माहीत नव्हतं. आजही नाही.

म्हणून सांगतो, लिही. अँटन बॉइसन स्वतः मनोरुग्णालयात पेशंट म्हणून राहून आलेला माणूस. 1925 साली त्याने अमेरिकेत वुस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राचे विद्यार्थी नेले, ते ग्रंथ वाचतो तसं माणसाला वाचायला शिकावं म्हणून. त्यातूनच हे प्रशिक्षण वाढलं. तिकडे त्याचं एक युनिट 400 तासांचं असतं, त्यातले किमान 100 तास गटात आणि मार्गदर्शकासमोर बसून शिकण्याचे. वेल्लोरला जरूर जा. पण तिथून परतल्यावर लिहिणं थांबवणार असशील, तर जाऊच नकोस! मी असे तिघे पाहिले आहेत. सर्टिफिकेट भिंतीवर, आणि वॉर्डात तेच पाठ केलेलं बोलणं. आपल्याकडे दहातले आठ पेशंट ख्रिस्ती नसतात, तिथे पाठांतर तर मुळीच चालत नाही. प्रार्थना हवी का हे आधी विचारावं लागतं, आणि ‘नको’ आलं तरी खुर्ची सोडायची नसते.

बिलाचं काम मात्र घेऊ नकोस. मीही नाकारलं होतं. त्यावरून दोन वर्षं पगारवाढ अडली, मला उद्धट म्हणाले, आणि घरी तुझ्या काकूने शिकवण्या घेऊन महिना भागवला. तिचं ऋण माझ्यावर आहे. पण दुपारी ज्याच्याकडे थकबाकी मागितली, तो रात्री आपल्याला मरणाबद्दल काय विचारणार? माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. लेखी कळव, सभ्य भाषेत. त्याच पत्रात रात्रीच्या हजेरीबद्दल बदली सुट्टी माग आणि आठवड्यातले दोन तास कामाच्या वेळेतच लिहिण्यासाठी माग. सुट्टी कदाचित देतील. दोन तास देणार नाहीत. तरी माग, दर तीन महिन्यांनी माग. दरम्यान ट्रान्स-हार्बरच्या गाडीत लिही. ठाण्यापर्यंत एक पान सहज होतं.

दमले आहे म्हणतेस, ते दिसतंच आहे. म्हणूनच एकटीने लिहून वहीत मिटून ठेवू नकोस. वाचून दाखव.

मंगळवारी सहा वाजता कोपरीला घरी ये. आजींचं बोलणं आठवेल तेवढं लिहून आण, जिथे आठवत नाही तिथे जागा कोरी ठेव. नाव, बेड नंबर, गाव बदल. दोन प्रती काढ आणि उजवीकडे रुंद समास सोड. काकू पोहे करणार आहे.

तुझा,
काका