आउटलॉ कंट्रीत नवा आहेस? मग आधी वेलन

आउटलॉ कंट्री म्हणजे अमेरिकेच्या कंट्री संगीतातली सत्तरच्या दशकातली बंडखोर धारा. सगळे तुला गायक विली नेल्सनपासून सुरुवात करायला सांगतील. माझं ऐकशील तर गायक वेलन जेनिंग्सचा १९७३ चा 'हाँकी टाँक हीरोज' हा अल्बम आधी लाव. जवळजवळ सगळी गाणी गीतकार बिली जो शेव्हरची, आणि आवाज असा की खोलीत कुणी येऊन बसल्यासारखं वाटतं.

'आउटलॉ' शब्दाला मात्र भुलू नकोस. भांडण पोलिसांशी नव्हतं, कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातल्या रेकॉर्ड कंपन्यांशी होतं. वादक त्यांच्या पसंतीचे, वरून व्हायोलिनांचा पाक. वेलनला स्वतःचा बँड घेऊन वाजवायचं होतं, ते त्याने झगडून मिळवलं.

मग विली. १९७५ चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' इतका मोकळा, कमी वाद्यांचा आहे की कंपनीवाल्यांना तो कच्चा नमुनाच वाटला! रात्री, हेडफोन लावून, सलग ऐक. अख्खा अल्बम एकच गोष्ट सांगतो, मधलंच गाणं उचलशील तर ती तुटते. विलीच्या 'ट्रिगर' गिटारचा फोटोही बघ, वाजवून वाजवून लाकडाला भोक पडलंय.

१९७६ चा 'वाँटेड! दि आउटलॉज' प्लॅटिनम (म्हणजे दहा लाख प्रतींचा) ठरलेला पहिला कंट्री अल्बम, पण बराचसा जुन्या गाण्यांचा संग्रह. तो नंतर ऐकलास तरी चालेल. त्यातल्या गायिका जेसी कोल्टरला तेवढं वगळू नकोस. काउबॉय टोपी-बुटांची खरेदी राहू दे.