पाणवनस्पती ओळखताना आधी पेरं बघा

ही कोणती पाणवनस्पती, ओळखता येत नाही, असं म्हणून तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. हिरमुसू नका, मुठीतला ओला गुंता कुणालाच ओळखता येत नाही. पांढऱ्या ताटात पाणी घ्या, एकच फांदी त्यात मोकळी सोडा आणि पेरं, म्हणजे खोडावर पानं फुटतात त्या जागा, बघा.

– पेराला एकच पान, पुढचं दुसऱ्या बाजूला: बहुधा पोटॅमोजेटॉन.
– तीन ते आठ पानांचं वलय, कडा खरखरीत: हायड्रिला.
– वलयच, पण पानं दुभंगलेली: सेराटोफायलम. याला मुळंच नसतात.

नवखे फसतात ते पानाच्या रुंदीवर आणि रंगावर. पोटॅमोजेटॉन नोडोससची बुडालेली आणि तरंगती पानं तर दोन वेगळ्या जातींची वाटतात. त्याच्याच भाऊबंदातल्या पोटॅमोजेटॉन क्रिस्पसच्या पानाची कड लाटेसारखी. लाट नसली तर भिंगातून बारीक दाते शोधा.

दोऱ्यासारखं पान मिळालं तर हलकेच ओढा. खोडाला वेढलेलं आवरण पानासोबतच सुटून आलं, वर गवताला असते तशी जिभली, म्हणजे छोटा पातळ पापुद्रा, दिसली, तर ती स्टकेनिया. ही युक्ती कळेपर्यंत माझे दोन हिवाळे गेले. फळांच्या भानगडीत आत्ताच पडू नका.

आणि हो, लसणासारखा वास आला तर तो कारा, म्हणजे शैवाल. मी तो ‘नायास’ (ही फुलं येणारी वेगळीच पाणवनस्पती) अशी चिठ्ठी लावून वर्षभर जपला होता!