वाचकांचे प्रश्न : ऊन सर्वांना सारखेच लागते का?

प्रश्न : आमच्या बचत गटात अलीकडे ‘हवामान न्याय आणि स्त्रीवाद’ या विषयावर एक व्याख्यान झाले. ऊन काही बाई-माणूस पाहून तापत नाही. मग यात स्त्रीवाद कशासाठी? हे परदेशी निधी देणाऱ्यांचे खूळ तर नव्हे?
– एक वाचक, उत्तर नागपूर

उत्तर : आपल्या शंकेचा अर्धा भाग मला मान्य आहे, पण आधी उरलेल्या अर्ध्याविषयी लिहितो. हवामान न्याय म्हणजे हवामान बदलाचा भार कोणावर किती पडतो आणि त्याची जबाबदारी कोणाची, याचा विचार. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांवर जातो, तो सर्वांसाठीच. त्या उन्हात कोणी, किती वेळ आणि कोणत्या छपराखाली राहायचे, हे मात्र निसर्ग ठरवीत नाही. ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ ही सूचना आपण दर उन्हाळ्यात ऐकतो. घर बाहेरच्यापेक्षा थंड असते, हे तिच्यात गृहीत धरलेले असते. टिनाच्या छताखाली स्वयंपाक करणाऱ्या किंवा टँकरची वाट पाहत पाण्याचा गुंड घेऊन ताटकळणाऱ्या बाईला तिचा काय उपयोग?

शेतीतही असेच घडते. विदर्भात निंदण आणि कापूस वेचणी ही मुख्यतः बायांची कामे आहेत, परंतु गारपिटीनंतरची भरपाई सातबाऱ्यावर ज्याचे नाव असेल त्याच्या खात्यात जमा होते. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाटदारांत स्त्रिया सुमारे 14 टक्केच होत्या. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 सालीच केली होती, हे येथे आठवावेसे वाटते. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी 1992 साली मांडले होते की, स्त्रियांचे पर्यावरणाशी असलेले नाते कोणत्याही उपजत जवळिकीतून येत नाही, तर श्रम आणि मालमत्ता यांच्या वाटणीतून घडते. ‘स्त्री म्हणजेच निसर्ग’ असे म्हणणाऱ्या वक्त्यांपेक्षा मला हे म्हणणे अधिक पटते.

आता खुळाविषयी. स्वीडनने 2014 साली स्त्रीवादी परराष्ट्र धोरण, म्हणजे परदेशी मदतीसह साऱ्या परराष्ट्र व्यवहारांत स्त्री-पुरुष समतेला अग्रक्रम देणारे धोरण, जाहीर केले आणि 2022 साली तेथे नवे सरकार येताच ते गुंडाळले. तेव्हा देणगीदारांच्या लहरीवर विसंबू नये, हे खरेच. शिवाय अनेक प्रकल्पांत ‘महिलांचा सहभाग’ म्हणजे रोपांना बिनपगारी पाणी घालणे आणि बैठकीच्या वहीत सही करणे एवढाच उरतो. ही टीका स्त्रीवाद्यांनीच सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे केली आहे.

त्यांचा मूळ मुद्दा पैशाचा आहे. गरीब व विकसनशील देशांना हवामान बदलाला तोंड देता यावे म्हणून 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करू, असे श्रीमंत देशांनी 2009 साली कोपनहेगन येथे कबूल केले. हा आकडा त्यांच्याच हिशेबाने 2022 साली गाठला गेला, आणि त्यातील सरकारी निधीचा मोठा भाग कर्जरूपाने आला. हवामानाच्या संकटाला फारसा जबाबदार नसलेला देश असे कर्ज फेडताना दवाखाने, पाणीपुरवठा आणि रेशन यांवरचा खर्च आखडतो, तेव्हा आजाऱ्याची शुश्रूषा आणि पाण्याची खेप घरातील बाईच्या अंगावर पडते. तिचे हे श्रम कोणत्याही ताळेबंदात दिसत नाहीत. कर्जाऐवजी अनुदान द्या, ही मागणी म्हणूनच स्त्रीवादी मागणी ठरते.

राहिला परदेशीपणाचा आक्षेप. 20 जुलै 1942 रोजी याच नागपुरात दलित महिलांच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची कसोटी सांगितली होती.

प्रश्न : उद्या कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रे बंद झाली, तर आम्ही खानावळ चालवणाऱ्या बाया कोणाकडे दाद मागणार?
– एक वाचक, खापरखेडा परिसर

उत्तर : ‘न्याय्य स्थित्यंतरा’ची, म्हणजे कोळसा सोडताना त्यावर पोट असलेल्यांना वाऱ्यावर न सोडण्याची, भाषा बहुधा हजेरीपटावरील कामगारापाशी थांबते आणि कंत्राटी मजूर, खानावळी, चहाच्या टपऱ्या व धुणीभांडी करणाऱ्या बाया तिच्याबाहेर राहतात. राखेचा त्रास सोसताना मात्र कोणी वगळले जात नाही. केंद्रावर अवलंबून असलेल्या अशा रोजगारांची यादी आपण आताच करावी आणि तिच्यासह ग्रामसभेत ठराव मांडावा. भरपाईची बोलणी सुरू झाल्यावर यादी करायला बसलात, तर फार उशीर होईल.