चिलापी (तिलापिया) माशात चरबी इतकी कमी, मग पोषण तरी असतं का?

असतं, आणि भरपूर असतं. भिगवणच्या बाजारात मिळणारी उजनी धरणातली चिलापी घ्या: 100 ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिनं, जेमतेम पावणेदोन ग्रॅम चरबी आणि 96 कॅलरी. शिवाय बी-12 आणि सेलेनियम चांगलं मिळतं. कमी पडतं ते ओमेगा-3. त्यासाठी आठवड्यातून एकदा बांगडा किंवा तारली खा.

हिशेबात चूक होते ती वजनात. 1 किलोच्या अख्ख्या माशातून बिनकाट्याचं मांस साधारण 350 ग्रॅमच निघतं.

दुसरी चूक तव्यावर. एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. रवा लावून तळलेला तुकडा हे तेल शोषतो आणि कमी चरबीचा फायदा तिथेच संपतो. त्यापेक्षा पातळ कालवण करा. रस्सा आधी उकळून घ्या, तुकडे शेवटी सोडा, 6-7 मिनिटं पुरे. चरबी कमी असल्याने जास्त शिजवलं की मांस कोरडं होतं.

चिखलाचा वास येतो? कातडी आणि मधली काळपट पट्टी काढा, चिंचेच्या कोळात 15 मिनिटं ठेवा. बराच कमी होतो.